विकास की घडण? अवस्थासिद्धान्त आणि मराठी समीक्षा

१

मराठी समीक्षेत, विशेषतः विद्यापीठीय समीक्षेत, एक सोयीचा पायंडा पडून गेला आहे. एखादी कादंबरी अथवा आत्मकथन हाती घ्यायचे. प्रारंभीच्या प्रकरणात फ्रॉइड, प्याजे, एरिक्सन, कोहलबर्ग यांच्या मानवी विकासविषयक उपपत्तींचा परिचय करून द्यायचा. पुढील प्रकरणांत नायकाचे बालपण, कुमारवय, तारुण्य यांतील प्रसंग वेचून ते त्या त्या अवस्थेच्या रकान्यात भरायचे. आणि अखेरीस लेखकाने मानवी मनाच्या विकासाचे यथार्थ दर्शन घडविले आहे, असा निर्वाळा द्यायचा. या रीतीने विवेचनाला शास्त्रीयतेचा डौल लाभतो. मात्र ज्या संहितेसाठी हा सारा खटाटोप, तिच्याविषयी एकही नवी गोष्ट वाचकाच्या हाती लागत नाही. संहिता उपपत्तीचे उदाहरण होते, आणि उपपत्ती संहितेचे प्रमाणपत्र.

या पायंड्यावर आक्षेप घेताना मानसशास्त्र खोटे ठरविण्याचे कारण नाही. मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे, त्याच्या विचाराला स्वतःची रचना असते, हे प्याजेने दाखवून दिल्यावर शिक्षणविचार पूर्वीसारखा राहिला नाही. प्रश्न वेगळाच आहे. विकासाच्या अवस्था सांगणारे सिद्धान्त साहित्यकृतीच्या बाहेर उभे असलेले, तिच्याहून अधिक भक्कम असे प्रमाण आहेत, हे समीक्षेने कशाच्या आधारे गृहीत धरले? वस्तुतः हे सिद्धान्त स्वतःच एका विशिष्ट कथनप्रकाराची अपत्ये आहेत. एका कथेने दुसरी कथा मोजायची आणि दोहोंतील साम्याला पुरावा म्हणायचे, या चक्रक दोषावर मराठीतील मानसशास्त्रीय समीक्षेचा मोठा भाग उभा आहे.

२

या सिद्धान्तांचे साहित्याशी असलेले नाते उघड आहे. ते लपविण्याचा प्रयत्न त्यांच्या कर्त्यांनीही केलेला नाही. फ्रॉइडने आपल्या उपपत्तीतील सर्वांत प्रसिद्ध गंडाला नाव दिले ते सोफोक्लीजच्या नाटकातील राजाचे. १८९७ साली मित्राला लिहिलेल्या पत्रातच ईडिपसपाठोपाठ हॅम्लेट येतो. म्हणजे रुग्णाचे मन समजून घेण्याची किल्ली फ्रॉइडला नाटकातून मिळाली. पुढे हीच किल्ली घेऊन समीक्षक हॅम्लेटचे कुलूप उघडू लागले आणि ते सहज उघडले म्हणून चकित झाले. किल्ली त्याच कुलपावरून घडविलेली होती, हे मात्र कोणाच्या ध्यानात राहिले नाही.

प्याजेचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. न्यूशातेल येथे मृदुकाय प्राण्यांवर प्रबंध लिहिणाऱ्या या तरुण जीवशास्त्रज्ञाने १९१८ साली 'रशेर्श' नावाची एक कादंबरी प्रसिद्ध केली. श्रद्धा आणि विज्ञान यांच्या ओढाताणीत सापडलेला एक तरुण संकटातून जातो आणि अखेरीस विचारांच्या एका समतोलापर्यंत पोहोचतो, असे तिचे सूत्र. गटेच्या 'विल्हेल्म माइस्टर'पासून युरोपात रूढ झालेल्या घडणकादंबरीचाच हा साचा होय. असमतोल, संकट आणि वरच्या पातळीवरचा नवा समतोल हाच क्रम पुढे प्याजेच्या बोधात्मक विकासाच्या उपपत्तीचा कणा झाला. कादंबरीमुळे उपपत्ती जन्मली, असे म्हणणे अतिरेकाचे होईल. पण दोहोंचे कथानक एक आहे, हे नाकारता येत नाही.

एरिक्सनने १९५० साली 'चाइल्डहूड अँड सोसायटी' या ग्रंथात मानवी आयुष्याच्या आठ अवस्था मांडल्या. मूलभूत विश्वास विरुद्ध अविश्वास येथपासून आत्मसंपूर्णता विरुद्ध नैराश्य येथपर्यंत प्रत्येक अवस्थेत एक द्वंद्व, एक पेच आणि एक उलगडा अशी ही रचना आहे. आठ अंकांचे नाटकच ते. हार्वर्डमध्ये हे आयुष्यचक्र शिकविताना एरिक्सन इंगमार बर्गमनचा 'वाइल्ड स्ट्रॉबेरीज' (१९५७) हा चित्रपट दाखवीत असे आणि त्यातील वृद्ध डॉक्टर बोर्गवर त्याने १९७६ साली दीर्घ निबंधही लिहिला. सिद्धान्त समजावून सांगण्यासाठी सिद्धान्तकाराला कलाकृतीचा आधार घ्यावा लागतो, आणि मराठी समीक्षक मात्र कलाकृती समजावून सांगण्यासाठी त्या सिद्धान्ताच्या दारी जातो.

उपपत्तीवरील असा विश्वास शब्दाकडे पाहण्याची गरजच कशी संपवून टाकतो, याचा धडा फ्रॉइडच्या लिओनार्दो दा विंचीवरील निबंधात (१९१०) मिळतो. आपल्या पाळण्यावर एक पक्षी उतरला आणि त्याने शेपटीने आपले तोंड उघडले, अशी एक बालपणीची आठवण लिओनार्दोने नोंदवून ठेवली आहे. मूळ इटालियन शब्दाचा अर्थ घार. फ्रॉइडपुढे असलेल्या जर्मन अनुवादात त्याचे गिधाड झाले. मग त्या गिधाडावरून इजिप्तमधील गिधाडमुखी मातृदेवता आली, गिधाडांत नर नसतात ही प्राचीन समजूत आली, पित्यावाचून आईपाशी वाढलेला मुलगा आला आणि त्यातून एका कलावंताचे अवघे भावविश्व उभे राहिले. कलेतिहासकार मेयर शापिरो याने १९५६ साली या सबंध विवेचनाची झाडाझडती घेतली आणि फ्रॉइडने जे लिओनार्दोच्या मनात शोधले, त्यातील बरेच काही तत्कालीन चित्रपरंपरेच्या संकेतांत आहे, हे दाखविले. घारीचे गिधाड झाले तरी निष्कर्ष डळमळला नाही, ही बाब चिंतेची आहे. शब्द बदलूनही जे विवेचन तसेच उभे राहते, ते शब्दांविषयीचे विवेचन नसतेच. मराठीत अशी गिधाडे किती प्रबंधांतून घिरट्या घालीत आहेत, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

३

अवस्थासिद्धान्तांचा दुसरा दोष अधिक गंभीर आहे. ते वर्णनाचा आव आणतात आणि विधान करतात ते आदर्शाचे. 'माणूस असा वाढतो' या वाक्याच्या पोटात 'माणसाने असे वाढावे' हे वाक्य दडलेले असते. कोहलबर्गने शिकागो परिसरातील दहा, तेरा आणि सोळा वर्षांच्या मुलांसमोर नैतिक पेच ठेवले. मरणोन्मुख पत्नीसाठी हाइन्झने औषध चोरावे की नाही, हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. त्या उत्तरांवरून त्याने नैतिक विकासाच्या सहा पायऱ्या रचल्या. त्याने ज्यांना प्रश्न विचारले ते सारे मुलगे होते; मुलगी त्यांत एकही नव्हती. कॅरल गिलिगनने 'इन अ डिफरंट व्हॉइस' (१९८२) या ग्रंथात अकरा वर्षांचा जेक आणि त्याच वयाची एमी यांची उत्तरे शेजारी ठेवली. जेक हा पेच गणितासारखा सोडवितो. एमी विचारते ते औषधवाल्याशी बोलण्याविषयी, चोरी करून नवरा तुरुंगात गेला तर आजारी बायकोकडे पाहणार कोण याविषयी. कोहलबर्गच्या मापाने एमी खालच्या पायरीवर ठरते. तिची वाढ खुंटलेली नव्हती, मोजपट्टीलाच तिचा आवाज ऐकू येत नव्हता, हे गिलिगनचे म्हणणे. गिलिगनच्या प्रतिपादनावरही पुढे पुष्कळ वाद झाले. पण मोजपट्टी तटस्थ नसते हा तिचा मुद्दा त्या वादांत वाहून गेला नाही. शिवाय कोहलबर्गच्या सर्वोच्च, सहाव्या पायरीवर प्रत्यक्षातील माणसे इतकी विरळ सापडली की पुढे गुणांकनाच्या पद्धतीतून ती वगळावी लागली. तिची उदाहरणे शोधायची तर मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासारख्या महापुरुषांकडे जावे लागे. ज्या जिन्याच्या माथ्यावर केवळ पुतळे आहेत, त्याला माणसांच्या चढउताराचा जिना म्हणावे काय?

भारतीय वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. सुधीर कक्कर यांनी 'द इनर वर्ल्ड' (१९७८) या ग्रंथात आश्रमव्यवस्थेतील आयुष्यक्रम आणि एरिक्सनच्या अवस्था यांचा एकत्र विचार केला आहे. परंपरेने जपलेली आदर्श जीवनप्रतिमा म्हणून कक्कर आश्रमकल्पनेकडे पाहतात. ते साम्य पुष्कळांना सुखावून गेले: आपल्याकडे हे पूर्वीच होते, या नेहमीच्या समाधानात त्याची परिणती झाली. परंतु हे साम्य समाधान देणारे नसून सावध करणारे आहे. आश्रमांचा जिना कोणासाठी होता? उपनयनाचा अधिकार ज्याला नाही, त्याला पहिली पायरीच नाही. मनुस्मृतीने स्त्रीच्या बाबतीत विवाहविधीलाच उपनयनाचे स्थान दिले. म्हणजे तिचा जिना दुसऱ्या पायरीवर सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. शूद्रातिशूद्रांसाठी जिना नाही, अंगण आहे, तेही झाडण्यापुरते. मूठभर द्विज पुरुषांच्या कर्तव्यांचा तक्ता 'मानवी जीवनाचा क्रम' म्हणून सांगितला गेला. एरिक्सनच्या तक्त्याशी तो जुळत असेल, तर त्यावरून तक्त्याच्या सार्वत्रिकतेपेक्षा तक्ता या प्रकाराचा स्वभाव अधिक सिद्ध होतो.

त्या स्वभावाची किंमत सिद्धान्तकारालाही चुकली नाही. एरिक्सनचे चरित्र लिहिणाऱ्या लॉरेन्स फ्रिडमन यांनी १९९९ साली नोंदविले की १९४४ मध्ये एरिक्सन दांपत्याला डाऊन सिंड्रोम असलेला मुलगा झाला. त्याला संस्थेत ठेवण्यात आले आणि घरातल्या धाकट्या भावंडांना तो जन्मताच गेल्याचे सांगण्यात आले. निरोगी वाढीचा सुप्रसिद्ध तक्ता त्यानंतरच्याच वर्षांत आकाराला आला. ही गोष्ट कोणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यासाठी सांगायची नाही. तत्कालीन वैद्यकाचा सल्लाही तसाच असे. पण 'सर्वांच्या' वाढीचा आराखडा रचला जात असताना त्याच घरातले एक मूल त्या आराखड्याबाहेर राहिले, हे विसरून त्या आराखड्याला निसर्गनियमाचा मान देता येणार नाही.

४

आता मराठी संहितांकडे वळता येईल. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) ही अस्मितासंकटाची कादंबरी म्हणून वाचण्याची प्रथा आहे. सांगवीहून पुण्यास गेलेला पंचवीस वर्षांचा पांडुरंग, त्याची कॉलेजातील भ्रमंती, अपयश, मणीचा मृत्यू, गावी परतणे, हे सारे एरिक्सनच्या पाचव्या अवस्थेत चपखल बसते, असे सांगण्यात येते. चपखल बसते हे खरेच. कोणत्याही तरुणाची गोष्ट त्यात बसेल, कारण तो रकाना तेवढा रुंद आहे. परंतु 'कोसला' ही 'कोसला' आहे ती ज्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या दोन शब्दांमुळे, त्यांच्यासाठी या रकान्यात जागा नाही. 'उदाहरणार्थ' हा शब्द प्रत्येक विधानाला नमुन्याच्या पातळीवर आणतो, म्हणजे ज्या जगण्याला अद्वितीय मानून नायक स्वतःचा शोध घेईल त्या अद्वितीयतेचीच हवा काढून घेतो. 'वगैरे' प्रत्येक अनुभवाची पूर्तता नाकारतो. मध्येच कथन रोजनिशीच्या तुकड्यांत फुटते. स्वत्वाच्या शोधाची कथा सांगण्याची जी रीत आहे, तिच्यावरच ही कादंबरी हसते. विकासाच्या सिद्धान्ताने तिला समजावणे म्हणजे विनोदाचा अर्थ सांगून झाल्यावर कोणी हसले नाही याचे आश्चर्य करणे.

आणखी एक मुद्दा येथे दुर्लक्षिता येत नाही. तरुणाला स्वत्वाचा शोध घेता यावा म्हणून समाज त्याला काही काळ जबाबदारीतून सूट देतो, असे एरिक्सन म्हणतो. ही सूट कोण देतो आणि कोणाला देतो? सांगवीकराला ती मिळते, कारण मागे बाप आहे, शेती आहे, घरून येणारे पैसे आहेत. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मधील कैकाडी मुलाला ती नाही. त्याचे बिऱ्हाड गाढवांच्या पाठीवर गावोगाव हिंडते आणि शाळा ही त्या हिंडण्यातून हिसकावून घ्यावी लागते. ज्याला पाचव्या अवस्थेची सवलतच मिळाली नाही, त्याचा विकास कोणत्या रकान्यात भरायचा? समीक्षक तेव्हा 'खुंटलेला', 'विस्कळीत', 'कुंठित' ही विशेषणे वापरतो. व्यवस्थेचा अपराध व्यक्तीच्या मनाच्या खात्यावर मांडला जातो.

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडू मारुती पवार आपली कथा दया पवार यास सांगतो. ही द्विधा रचना पाहून 'भूमिकासंभ्रम' असे निदान करणे सोपे आहे. पण येथे संभ्रम मुळीच नाही. आहे तो काटेकोर कथनव्यूह. महारवाड्यातून आलेला माणूस पांढरपेशा जगात लेखक म्हणून मान्यता पावलेल्या आपल्याच दुसऱ्या नावासमोर साक्ष देतो. कोण बोलतो, कोण ऐकतो आणि ऐकणाऱ्याला मान खाली का घालावी लागते, हे प्रश्न मनोरुग्णाच्या टिपणात मावणारे नाहीत. ते कथनाचे, म्हणून समीक्षेचे प्रश्न आहेत.

या संदर्भात शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' (१९८४) आणि खुद्द एरिक्सनचे चरित्र शेजारी ठेवून पाहावे. एरिक्सनला आपला जन्मदाता कोण हे कधीच कळले नाही. १९०२ साली फ्रँकफर्ट येथे जन्मलेला हा मुलगा सावत्र बापाचे होम्बुर्गर हे नाव घेऊन वाढला आणि १९३९ साली अमेरिकेचे नागरिकत्व घेताना त्याने एरिक्सन, म्हणजे एरिकचा मुलगा, हे आडनाव धारण केले. स्वतःच स्वतःचा पिता होण्याची ही मुभा त्याला एका देशाच्या कायद्याने दिली. लिंबाळे यांच्या निवेदकाला बाप माहीत आहे. तो गावचा पाटील आहे. आई महार आहे. आजीसोबत राहणारा, नातवाला माया लावणारा 'दादा' मुसलमान आहे. सवलतीच्या अर्जावर सही करण्याची वेळ येते तेव्हा या मुलाला ओळखायचे कसे, हा पेच सरपंचाला पडतो. 'मी कोण?' हा प्रश्न एरिक्सनला आतून पडला. 'अक्करमाशी'त तो अर्जाच्या रकान्यातून, गावाच्या तोंडातून, शिवीतून विचारला जातो. एका ठिकाणी उत्तर निवडता येते, दुसऱ्या ठिकाणी उत्तर ठाऊक असूनही उच्चारता येत नाही. दोहोंना 'अस्मितासंकट' हे एकच नाव देणारी समीक्षा नेमके काय उलगडते? ती भेद पुसते. आणि भेद पुसणे हे तर समीक्षेचे काम नव्हे.

५

यावर एक आक्षेप घेतला जाईल. एरिक्सनला समाज आणि इतिहास यांचे भान होते. सू आणि युरोक या आदिवासी जमातींत जाऊन त्याने बालसंगोपनाचा अभ्यास केला. अस्मितासंकट हा शब्दच त्याला महायुद्धातून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना सुचला. आणि १९१८ च्या अहमदाबादच्या गिरणीकामगारांच्या संपावर त्याने 'गांधीज ट्रूथ' (१९६९) हा ग्रंथ लिहिला. हे सर्व मान्य करावयास हवे. किंबहुना मराठी अनुयायांपेक्षा मूळ गुरू अधिक शंकाशील होता. 'गांधीज ट्रूथ' च्या मध्यावर एरिक्सन विवेचन थांबवितो आणि दिवंगत गांधींना उद्देशून एक पत्रच लिहितो. त्यात तो भांडतो, कस्तुरबांशी आणि आश्रमवासीयांशी झालेल्या वर्तनाचा जाब विचारतो. अवस्थांची तृतीयपुरुषी भाषा त्याला अपुरी पडली, म्हणून रूपबंध मोडावा लागला. त्या ग्रंथातून उचलण्यासारखे काही असेल तर ते हे मोडणे. त्यातील तक्ता नव्हे.

दुसरा आणि अधिक मूलगामी मार्ग विकासमानसशास्त्राच्याच एका जनकाने दाखवून ठेवला आहे. लेव्ह व्हायगॉट्स्की मानसशास्त्राकडे आला तो साहित्यसमीक्षेतून. 'कलेचे मानसशास्त्र' हा त्याचा प्रबंध १९२५ सालचा. तो छापला गेला १९६५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकतीस वर्षांनी. हॅम्लेट सूड घेण्यास विलंब का लावतो, या प्रश्नावर पिढ्यान् पिढ्या खर्ची पडल्या होत्या. व्हायगॉट्स्कीने प्रश्नच फिरविला: शेक्सपिअर हॅम्लेटला विलंब का लावायला लावतो? पहिल्या प्रश्नात हॅम्लेट हा रुग्ण आहे, दुसऱ्यात ती एक रचना आहे. मनाची वाढ भाषेतून, दुसऱ्याशी होणाऱ्या व्यवहारातून होते, असे पुढे प्रतिपादन करणाऱ्या या मानसशास्त्रज्ञाला साहित्यकृतीतील माणूस हा शब्दांनी केलेला असतो, हे आधी उमगले होते. मराठीतील मानसशास्त्रीय समीक्षा शंभर वर्षांनंतरही पहिल्याच प्रश्नापाशी रेंगाळते आहे.

मराठी भाषेने या बाबतीत समीक्षकाची सोय करून ठेवली आहे. तिच्यात 'विकास' हा शब्द आहे आणि 'घडण' हाही आहे. विकास म्हणजे उमलणे. कळीत जे आहे तेच वेळ येताच बाहेर येते. एरिक्सनने गर्भविज्ञानातून घेतलेले तत्त्व, प्रत्येक अवयवाची आपली वेळ ठरलेली असते हे तत्त्व, या शब्दात नेमके उतरते. घडण मात्र आपोआप होत नाही. घडा घडतो तेव्हा हात असतो, चाक असते, माती कोठून आणली हा प्रश्न असतो, आणि भट्टीत तडकलेल्या घड्यांचा हिशेबही असतो. 'जडणघडण' म्हणताना तर काय काय येऊन जडले, हेही विचारावे लागते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त शिवाशिवीची बंधने गळून पडतात ती कोणत्या नैतिक पायरीवर चढल्याने नव्हे. पाणी, स्वयंपाक, नवऱ्याचे धर्मांतर, विरह, माणसांची गाठभेट अशा नाना हातांनी ती बाई घडते, आणि ते सांगताना स्वतःवर हसण्याची जी भाषा ती कमावते, तीच तिच्या घडणीची सर्वांत मोठी खूण ठरते. कोहलबर्गच्या पट्टीवर तिच्या हसण्याला गुण नाहीत.

समीक्षकाने निवड करावयाची आहे ती या दोन शब्दांत. विकास शोधणारा समीक्षक संहितेत जाताना उत्तर खिशात घेऊन जातो. घडण शोधणाऱ्याला प्रत्येक संहितेत नव्याने विचारावे लागते: हा माणूस कोणी घडविला, कोणत्या शब्दांनी, कोणाच्या देखत, आणि कोणाला वगळून? हे कष्टाचे काम आहे. त्यासाठी परिशिष्टात जोडता येईल असा तक्ता मिळत नाही. परंतु घारीला घार म्हणून ओळखण्याची शक्यता या मार्गावरच शिल्लक राहते.